सुक्या आंब्यावरची मुकुटमाशी

३ एप्रिल

आज जागृतीच्या वाडीत जाऊन आले. वाडी ठाकुर्लीच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला आहे. जागृती माझी जुनी विद्यार्थिनी. कल्याणच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होते तेव्हा सगळ्या वर्गात सर्वांत नेटकं विच्छेदन तिचं असायचं. आता डोंबिवलीत एका क्लासमध्ये शिकवते. लग्न मोडून माहेरी आली आहे आणि घरच्या बंगल्यात न राहता वाडीतल्या पंपाच्या खोलीत एकटी राहते. परवा तिचा फोन आला की आमच्या सुकलेल्या आंब्यावर एक विचित्र किडा येतो, मुंगीसारखा दिसतो पण मागे लांब केस आहे, तुम्ही बघाच. निवृत्त झाल्यापासून मला असे फोन येत नाहीत. लगेच गेले.

आंबा रायवळ, दोघींच्या कवेत न मावणारा. शेजारच्या जागेवर भराव पडला, मुळं दबली आणि झाड उभ्या उभ्या वाळलं. भिरुड या भुंग्याच्या अळ्यांनी खोड पोखरलं आहे. सालीच्या भोकांतून भुसा गळतो. कान लावला तर आत अळी लाकूड कुरतडताना ऐकू येते.

उन्हं कलता कलता एक माशी खोडावर उतरली. काळी, काडीसारखी बारीक, गोल डोकं लांब मानेवर. मागच्या मांड्या फुगलेल्या. शरीराहून लांब अंडी घालायची नळी. दोन-चार पावलं चालली आणि उडाली. मी होते तिथे मातीत बसले. गांधीलमाश्यांचं हे कुळ स्टेफॅनिडी. डोक्यावर दातांचा मुकुट असतो म्हणून वर्गात मी तिला मुकुटमाशी म्हणायचे. आजवर मी एकच पाहिली होती, तीही मेलेली. वागळे इस्टेटमध्ये माझा नवरा सुधीर ज्या कारखान्यात होता तिथे बाहेरून आलेल्या यंत्राच्या लाकडी पेटीजवळ, खिडकीत पडली होती. ती नोंद म्हणून निरुपयोगी. पेटीतून आलेला प्राणी कुठलाही असू शकतो. एखादं कुळ अमुक ठिकाणचं आहे असं म्हणायचं तर ते तिथे नुसतं दिसून भागत नाही. ते तिथेच वाढतं हे दाखवावं लागतं.

या खोडात मादी अंडं घालताना मला दिसली तर मी ठामपणे लिहू शकेन की ठाणे-कल्याणच्या खाडीपट्ट्यात हे कुळ नांदतं. मला एवढंच हवं आहे.

६ एप्रिल

तंबू लावला. जाळीचा असतो, उडणारे कीटक त्याला धडकतात, उजेडाकडे वर वर चढतात आणि टोकाच्या स्पिरिटच्या बाटलीत पडून मरतात. माझ्या मते तो खोडाच्या अगदी लगत हवा होता. जागृतीला गेटजवळ, रस्त्यावरून दिसेल असा हवा होता. वारा त्या बाजूने येतो म्हणाली, ते खरंही आहे. खुंट्या तिनेच ठोकल्या, चांगल्या खोल. मग चारही बाजूंनी फोटो काढले, मला शेजारी उभं करून. मॅडम, मागचं गेट येऊ दे, आणि तुमच्या कॉलेजची टोपी घाला, म्हणाली. कामाची इतकी आस्था असलेली मुलगी संशोधनात का गेली नाही, याचं वाईट वाटलं.

मी म्हटलं, खोडाचा एक ओंडका कापून घरी नेते, पिंजऱ्यात ठेवते, आतून काय बाहेर पडतं ते बघू. सगळे तसंच करतात. ती पटकन नको म्हणाली. एकदा कुऱ्हाड लागली की सगळ्यांनाच लावता येते. तिचा त्या झाडावर जीव आहे.

११ एप्रिल

बाटलीत एक नर मिळाला. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली. मधल्या साध्या डोळ्याभोवती पाच दात, खरोखरच मुकुटासारखे. लाकडातून बाहेर पडताना त्यांचा पाचरीसारखा उपयोग होत असावा. मागच्या मांडीच्या खालच्या कडेला दातेरी करवत. नडगी मध्येच फुगीर. मादीच्या या फुगवट्यात कंप ओळखणारं इंद्रिय असतं. ती सालीवर पाय रोवून उभी राहते आणि आत दडलेल्या अळीचं चावणं पायांनी ऐकते. मग नळी लाकडात घुसवते, अळीला डंख मारून लुळी करते आणि तिच्या अंगावर अंडं घालते. अळी मरत नाही, ताजी राहते. पिल्लू तिला सावकाश खातं.

सुधीरला दाखवलं. त्याने भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, "ही तुझी माशी सासूसारखी दिसते." मग वाडीचे फोटो मोठे करून बघत बसला. जागृतीने तंबू गेटजवळ का लावायला सांगितला, हे त्याने दोनदा विचारलं. मी वाऱ्याचं कारण सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या तंबूच्या खुंट्या वाऱ्यासाठी नाहीत, शुभदा. प्रत्येक गोष्टीत जागेचा व्यवहार बघायची त्याची सवय आहे.

१५ एप्रिल

तंबू फाडला. वरपासून खालपर्यंत पात्याने, बाटली दगडावर फोडलेली. गेटबाहेर झोपणारी पिवळी कुत्री पाय मोडून पडली होती. आम्ही तिला पाणी पाजलं, दुपारी मेली. मोकाट पोरांचं काम असणार. आजकाल कशाबद्दलच कुतूहल उरलेलं नाही.

जागृतीची आई बायजा बंगल्यावरून आली होती. सत्तरीची, नऊवारी गुडघ्यापर्यंत वर घेतलेली. एके काळी मिठागरात राबलेली, तळपाय अजून भेगाळलेले. तिने फाटक्या जाळीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि मला म्हणाली, "तू घरा जा, बाय. तुजा यात काय नाय." मी म्हटलं, माझंच तर आहे, माझा तंबू आहे.

जागृतीने सुई-दोरा आणून तिथेच बसून जाळी शिवली आणि लगेच तंबू उभा केला. मी थोडा आत, झाडाकडे सरकवायचं म्हणत होते. वीतभरही सरकवायचा नाही म्हणाली. शास्त्रीय दृष्टीने तिचं बरोबर आहे. जागा बदलली की आधीच्या दिवसांशी तुलना होत नाही.

२१ एप्रिल

आज जागृतीचा भाऊ आला. कमलेश. गळ्यात जाड चेन, पांढरी गाडी गेटातच आडवी लावली. तंबूभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाला, "ओ मॅडम, ही मच्छरदाणी कुणाला विचारून लावली?"

मी सांगितलं, जागृतीला.

"जागृती कोण? तिला आम्ही दिली सोनारपाड्याला. दिलेल्या पोरीचं इथं काय हाय?"

जागृती खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली की सातबाऱ्यावर बाबांचं नाव आहे आणि ती बाबांचीच मुलगी आहे. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याने तिच्या कानाखाली मारली. ती पडली नाही. त्याने पुन्हा मारली, उलट्या हाताने, तेव्हा पडली. मी इतक्या जवळून कुणाला मारताना कधी पाहिलं नव्हतं. आवाज अगदी लहान असतो. मी म्हटलं, अहो, बोलून सोडवा ना. तो म्हणाला, बोलतोच आहे. जाताना त्याने बाटली काढून त्यातलं स्पिरिट आणि कीटक जमिनीवर ओतले.

बायजा गेटात उभी होती. तिने मुलीला उठवलं, पदराने तोंड पुसलं. "भावाचा हात हाय," मला म्हणाली. "त्याचा काय वल उमटत नाय." जागृतीच्या गालावर चार बोटं स्पष्ट उमटली होती.

ओतलेल्या कीटकांत एक मादीही असावी असं वाटतं. उन्हात सगळं सुकून गेलं होतं.

२३ एप्रिल

जागृतीच्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं आहे. डॉक्टर म्हणाले पडदा फाटला आहे, भरून येईल. खोलीतली वीज कमलेशने तोडली, तेव्हा दाराबाहेर बसून बोललो. आज तिने सगळं सांगितलं. वाडीवर मोठी इमारत व्हायची आहे, कमलेशने बोलणी पक्की केली आहेत, फक्त हिची हक्कसोडवर सही हवी. गावात सगळ्या बहिणी करतात. सही करायची, भावाकडून साडी घ्यायची आणि दिवाळीत ओवाळायला यायचं. न करणाऱ्या बहिणीला माहेर राहत नाही. तिने सही केली नाही. म्हणाली, मॅडम, नवऱ्याकडे माझं काही नव्हतं. इथेही नसेल तर मी आहे कुठली?

मला वाईट वाटलं. पण भावाशी वैर घेऊन एकट्या बाईने कुठवर टिकायचं, हेही खरं. मी तिला म्हटलं, सही करायचीच असेल तर निदान मे संपू दे. माद्या खोडावर येतात त्या याच दिवसांत. मग तू मोकळी.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो मॅडम. मे संपू दे." तिला पटलं याचं बरं वाटलं.

२ मे

तंबूवर भरावाचा ट्रक रिकामा केला. विटांचे तुकडे, फुटक्या फरशा, लोखंडी सळ्या. आम्ही दोघींनी हातांनी उपसलं. जागृतीची दोन बोटं चिकटपट्टीने बांधलेली होती. विचारलं तर म्हणाली, दारात सापडली. कुणी दार लावलं ते मी विचारलं नाही. तंबूची पुढची काठी वाकली आहे, पण उभा राहतो. तिने पुन्हा चारही बाजूंनी फोटो काढले.

सुधीर म्हणतो, आता जाऊ नकोस. मी म्हटलं, मादी एकदा नीट दिसली की थांबते.

९ मे

क्रमाने लिहिते.

ऊन तापल्यावर मादी आली. मी खोडापासून हातभर अंतरावर स्टुलावर बसले होते. ती बराच वेळ साल ठोकत फिरली, मिशांची टोकं सारखी चालू. माझ्या छातीच्या उंचीवर एका जागी थांबली, मागचे पाय फाकवून नडग्या सालीला टेकवल्या. ऐकत होती. मग पोट वर उचललं, कमानीसारखं. नळीचं वेष्टण मागे हवेत राहिलं, त्याच्या टोकाजवळचा पांढरा पट्टा लखलखीत दिसत होता. नळीचं टोक सालीला लागलं.

त्याच सुमाराला कमलेश आला. त्याच्याबरोबर जगन म्हणून एक जण होता, खांद्यावर झाड कापायची मशीन. मागून बायजा. कमलेशच्या हातात कोयता होता, बुंध्याजवळचं रान साफ करायला. जागृती धावत येऊन खोडाला पाठ लावून उभी राहिली, माझ्या उजव्या हाताला. त्यांचं बोलणं सुरू झालं. मी हाताने गप्प राहण्याची खूण केली. इतक्या वर्षांनी, इतक्या जवळून, भिंगाशिवायही दिसत होतं.

नळीने सालीत जागा केली तेव्हा त्याने जागृतीचे केस धरले. नळी पाव आत गेली तेव्हा त्याने कोयता खाली टाकला, दोन्ही हातांनी तिला फिरवलं आणि तिचं तोंड खोडावर आपटलं. सही करतेस की नाही, एवढंच तो म्हणत होता, दर वेळी तेच. जागृती ओरडत नव्हती, त्यामुळे फार लागत नसावं असं मला वाटलं. खोडाला प्रत्येक वेळी हादरा बसत होता. मादी हलली नाही. नळी आत असली की तिला पटकन सुटता येत नाही. नळी अर्धी आत गेली. पोटाची कमान खाली खाली येत होती. खोडाच्या त्या बाजूला रक्त लागलं होतं, सालीच्या चिरांतून खाली उतरत होतं.

शेवटी मला राहवलं नाही. मी जोरात ओरडले, "हलवू नका, हलवू नका!" कमलेशने वळून माझ्याकडे पाहिलं. त्याचा हात तेवढ्यापुरता सैल झाला. माझ्या ओरडण्याचा एवढा तरी उपयोग झाला.

जागृती खाली सरकली आणि पायाशी पडलेला कोयता तिच्या हातात आला. त्याने पुन्हा केसांना हात घातला तेव्हा तिने खालून वर फिरवला. मनगटावर, सांध्याच्या किंचित वर. हात तुटून पडला नाही, कातड्यावर लोंबला. त्याने दुसऱ्या हाताने तिचा गळा धरला. तिने पुन्हा मारला, खांद्यात, तिथे पातं हाडात अडकलं. जगनने मशीन टाकली. बायजा ज्या आवाजात ओरडली तसा आवाज मी माणसाचा ऐकलेला नाही.

त्याला कळव्याच्या सरकारी रुग्णालयात नेलं. पोलीस येईपर्यंत जागृती बुंध्याशी बसून होती. तोंड सुजून ओळखू येत नव्हतं.

मादी केव्हा उडाली ते दिसलं नाही. अंडं घातलं की नाही, सांगता येत नाही.

१० मे

कमलेश वाचला. उजवा पंजा मनगटापासून काढावा लागला. जागृतीवर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा. फिर्याद अशी आहे की तो लाकूडतोड्याशी बोलत असताना तिने मागून वार केला, कोयता तिनेच खोलीतून आणला होता. जगनने तसाच जबाब दिला आहे. बायजानेही.

आंबा आज सकाळीच कापून नेला. बेकरीच्या भट्टीसाठी.

दुपारी जगन घरी आला. फार अदबीने बोलला, सुधीरच्या पाया पडला. म्हणाला, मॅडम, तुम्हाला उद्या-परवा बोलावतील. तुम्ही तर किड्याकडे बघत होतात, आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. तेवढंच सांगा, भांडण बघितलं नाही. खरंच तर आहे ते. उठताना त्याने खिडकीतून खाली पाहिलं आणि आमचा मजला कितवा ते विचारलं.

तो गेल्यावर सुधीर बराच वेळ लिफ्टच्या आवाजाकडे कान देऊन बसला. मग म्हणाला, खोटं बोलायला तो सांगत नाहीये, शुभदा.

मलाही तेच वाटलं.

१२ मे

बायजा आली. हॉलमध्ये जमिनीवरच बसली, पाणी घेतलं नाही. तिचं एक पोर हात गमावून रुग्णालयात आहे आणि एक पोलीस कोठडीत. म्हणाली, म्हातारपणी तिला जेवण कोण घालणार ते तिने बघितलं आणि तसा जबाब दिला.

"मी आई हाय. मी खोटा बोलले," म्हणाली. "तू कोन? तुना काय पडलाय? तू खरा सांग."

मी म्हटलं, मी काही नीट पाहिलं नाही. पण जागृतीसाठी मी ओरडले होते, ते तुम्ही ऐकलंत.

ती माझ्याकडे बघून हसली. तिच्या तोंडात दोनच दात आहेत. "झाराला जपत व्हतीस तू, बाय. माज्या पोरीला नाय."

मी तिला रागाने म्हटलं की असं नाही. ती उठून गेली.

नंतर ते दोन शब्द मी स्वयंपाकघरात पुन्हा म्हणून पाहिले. माणसाला वाचवायचं असेल तर आपण "सोड तिला" म्हणतो. "मारू नको" म्हणतो. हलवू नका, असं कुणी कुणाबद्दल म्हणत नाही.

सुधीर विचारत होता, जेवायला का येत नाहीस.

१४ मे

कल्याण कोर्टात आज जागृतीला आणणार होते. वकील तिच्या क्लासच्या मालकांनी दिला आहे. त्याच्या ओळखीने मला बाकावर तिच्याशेजारी थोडा वेळ बसू दिलं. महिला पोलीस पलीकडे होती. जागृतीचा डावा डोळा पूर्ण मिटलेला, ओठ शिवलेला. बोलताना शब्द तुटत होते.

मी विचारलं, तंबू तू मला कशासाठी लावायला सांगितलास? ती म्हणाली, जागेसाठी. आमच्याकडे ज्याची काठी उभी त्याची जागा असते. माझी काठी त्याने एका दिवसात उपटली असती. तुमची उपटताना तो जरा थांबेल असं वाटलं.

"पण माशी खरी होती, मॅडम," ती म्हणाली.

मग तिने मला जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. ती म्हणाली, "मला दिसत होती ती. गाल सालीला दाबलेला, पण एक डोळा उघडा होता. एवढी जवळ. तिची नळी आत जाताना मी पाहिली. तुम्ही खूण केली ना गप्प राहायची, म्हणून आधी मी ओरडलेच नाही. वाटलं, तिचं झालं की मॅडम उठतील." पुढे म्हणाली, "मग तुम्ही म्हणालात हलवू नका. तेव्हा कळलं की कुणी उठणार नाही. मग कोयता घेतला."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती प्रयोगाचा अहवाल सांगावा तशी सांगत होती, मी शिकवलं होतं तसं.

वकील बाहेर म्हणाला, सगळं एका गोष्टीवर आहे. वार करण्याआधी तो तिला किती वेळ मारत होता. लगेच उलटली असेल तर तो हल्ला, बराच वेळ सोसून उलटली असेल तर स्वसंरक्षण. ते सांगणारं तुमच्याशिवाय कुणी नाही. पण मॅडम, तुम्ही तर बघत नव्हतात म्हणे.

१६ मे

सुधीर पोलीस ठाण्यापर्यंत आला, आत आला नाही. रिक्षात म्हणाला, काय सांगायचं ते तू ठरवलंस का? मी हो म्हटलं. त्याने माझी पिशवी धरून ठेवली होती, ती उतरताना दिली.

जबाब घ्यायला मेघना नावाच्या उपनिरीक्षक होत्या. तिशीच्या, टायपिंग स्वतःच करत होत्या. त्यांनी सरळ विचारलं, भांडण सुरू झालं तेव्हा तुम्ही काय करत होतात?

मी म्हटलं, गांधीलमाशीचं निरीक्षण करत होते.

म्हणजे भांडण पाहिलं नाही, त्या म्हणाल्या. बोटं टायपायला निघाली होती.

मी म्हटलं, पाहिलं. सगळं पाहिलं. आणि मग जसं दिसलं तसं सांगितलं. कोयता कमलेशच्या हातात होता, तो त्यानेच खाली टाकला. माशीने सालीत जागा केली तेव्हा त्याने केस धरले. नळी पाव आत गेली तेव्हा पहिल्यांदा डोकं आपटलं. अर्धी जाईपर्यंत तो आपटतच होता, थांबला नाही. जागृतीने तोवर हातही उचलला नव्हता. वार तिने समोरून केला, त्याने केसांना पुन्हा हात घातल्यावर.

मेघनाबाईंनी टायपिंग थांबवलं. नळी अर्धी म्हणजे किती वेळ, ते कोर्टाला कसं कळणार, असं विचारलं. मी सांगितलं की सुकलेल्या आंब्याचं लाकूड कठीण असतं, माशीला फार जोर लावावा लागतो. चहा टाकावा, उकळावा, गाळावा आणि निवांत बसून प्यावा, तेवढा वेळ. ह्यात चूक होणार नाही, हेच माझं शास्त्र आहे. हवं तर कोणाही तज्ज्ञाला विचारा.

त्यांनी ते लिहिलं. मग मी काही बोलले का, असं विचारलं. मी सांगितलं, ओरडले. काय ओरडले? हलवू नका. कुणाला?

"झाडाला," मी म्हटलं. "माशी उडाली असती."

बाहेर कुणीतरी हवालदाराशी हुज्जत घालत होतं. मेघनाबाई उठल्या, दार लोटून आल्या. बसल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, स्क्रीनकडेच पाहत विचारलं, "म्हणजे चहा पिऊन होईपर्यंत त्या बाईचं डोकं तुमच्यापासून हातभर अंतरावर आपटत होतं."

"हो."

"आणि तुम्ही स्टुलावरून उठला नाहीत."

"नाही."

"बाई, हे जबाबात नसलं तरी चालेल. तिला मारहाण झाली, एवढं पुरेसं आहे. हे पेपरात येईल. तुमचं नाव येईल."

मी म्हटलं की ते नसेल तर मी एवढा वेळ सगळं बघत होते यावर कोण विश्वास ठेवेल? उठून मध्ये पडणाऱ्या माणसाला इतकं नीट दिसत नाही.

त्यांनी किंचित मान हलवली. "लिहू?"

"लिहा," मी म्हटलं.